दारूबंदी आणि मेंदूतल्या लाटा

पाचाडला आलेला माणूस आधी जिजाऊंच्या समाधीकडे वळतो, तसे आम्हीही वळलो आणि मग इथे आलो. आजचा विषय दारूचा आहे म्हटल्यावर काहीजण उपदेश ऐकायच्या तयारीने बसलेत. तो काही आज मिळणार नाही. आज इतिहास सांगायचाय, कायद्याचा आणि मेंदूचा.

हा मुलूख तेव्हा कुलाबा जिल्ह्यात होता. १८७८ च्या अबकारी कायद्याने दारू गाळण्यावर सरकारने पकड घट्ट केली. पुढे १८९२ च्या मोहाच्या कायद्याने ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत मोहफुलांवरही निर्बंध आले. सरकारला लोकांच्या तब्येतीची काळजी होती असं नाही, महसूल बुडत होता. मग स्वातंत्र्य आलं, १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला आणि १९५० मध्ये सगळ्या मुंबई राज्यात दारूबंदी झाली. हेतू चांगला होता. पण रोज पिणाऱ्याच्या डोक्यात काय चाललंय, हे कायद्याला ठाऊक नव्हतं.

ते कळायला सुरुवात झाली जर्मनीत. १९२४ मध्ये येना शहरात हान्स बर्गर या मनोविकारतज्ज्ञाने माणसाच्या मेंदूतली अत्यंत क्षीण वीज पहिल्यांदा नोंदवली, आणि १९२९ मध्ये ते प्रसिद्ध केलं. डोळे मिटून स्वस्थ बसलं की कागदावर सेकंदाला साधारण १० लाटा उमटतात. डोळे उघडले की ही लय मोडते. १९४१ मध्ये अमेरिकेत डेव्हिस, गिब्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांना दारू देऊन असेच आलेख काढले. लाटा संथ झालेल्या दिसल्या. पिणारा ‘तरतरी आली’ म्हणत असतो आणि कागद मात्र पेंगलेला!

खरी गोष्ट पुढेच आहे. मेंदूत गाबा नावाचं रसायन शांत करतं, ग्लुटामेट चेतवतं. दारू पहिल्याला जोर देते, दुसऱ्याला दाबते. रोज, वर्षानुवर्षं हे चाललं की मेंदू उलट बाजूने रेटा लावून तोल सांभाळायला शिकतो. बैलगाडी उताराला लागली की मागून ओढून धरतात ना, तसं. दारू एकदम थांबली तरी तो रेटा उरतोच. मग हात थरथरतात, झोप उडते. पहिल्या एक-दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि दोन-चार दिवसांत भिंतीवर किडे दिसतात, मेलेली माणसं बोलतात.

डॉक्टरांनाही बराच काळ हे कुपोषणामुळे होतं असं वाटायचं. १९५५ मध्ये अमेरिकेतल्या लेक्सिंग्टनला इस्बेल आणि सहकाऱ्यांनी १० माणसांना नीट खाऊपिऊ घालून दारू दिली, आणि मग ती एकदम बंद केली. जे दीड-दोन महिन्यांहून जास्त प्याले, त्यांच्यातच झटके आणि भ्रम दिसले. असा प्रयोग आज कुणी करू देणार नाही, आणि देऊही नये. पण दोष भुकेचा नव्हता, दारू तोडण्याचा होता, हे त्यातून ठरलं.

आता पुन्हा दारूबंदीकडे या. त्या काळात डॉक्टरच्या दाखल्यावर आरोग्यासाठी दारूचा परवाना मिळायचा. लोक त्याची चेष्टा करत, आणि पुष्कळदा ती रास्तही होती. तरी त्या परवान्यात शहाणपणाचा एक कण होता. फक्त तो विलायती पिणाऱ्याच्या वाट्याला आला. हातभट्टीवाल्या गड्याला परवाना कसला?

आपल्याकडे माणूस माळ घालतो, दारू सोडतो. दुसऱ्या दिवशी फिट येते, तिसऱ्या दिवशी बडबडायला लागतो. घरचे म्हणतात, बाहेरचं लागलं. अंगारा लावतात. काहीजण घाबरून परत दोन घोट पाजतात, आणि तो शांत होतो! मग सगळ्यांची खात्रीच पटते. खरं तर गाबाला जोर देणारी औषधं डॉक्टर काही दिवस देतात आणि हळूहळू कमी करत आणतात. म्हणून रोज पिणाऱ्याने सोडायचं ठरवलं, तर माळ घालायच्या आधी त्याला महाडला डॉक्टरकडे न्या. फिट आल्यावर रात्री गाडी शोधत बसण्यापेक्षा ते बरं.