देखणी की सोयीची?

परवा रविवारी आमच्याकडे चहावर रण माजलं. विषय: बाबांसाठी छोटी इलेक्ट्रिक गाडी. स्कूटरवरून पडल्यापासून त्यांचं फिरणं आमच्या सवडीवर आलंय, आणि ते त्यांना आतून खातंय. त्यांचं मन बसलंय एमजी कॉमेटवर. तीन मीटरपेक्षाही आखूड, दोन दारं, खेळण्यातल्या गाडीसारखी. मी म्हटलं, "बाबा, डिकी कुठाय? गावाला सामान कुठे ठेवणार?" बाबा गप्प झाले. मलाच वाईट वाटलं, आणि रात्री जुन्या छोट्या गाड्यांचा इतिहास चाळत बसलो.

सुरुवात आपल्या रेवापासून. 2001 साली बंगळुरात आलेली ही गाडी दिसायला, खरं सांगायचं तर, यथातथाच. दोन मोठी माणसं पुढे, मुलं मागे, आणि साध्या लेड-ॲसिड बॅटरीवर एका चार्जमध्ये 80 किलोमीटरच्या आसपास. तेवढ्यात शहरातलं येणंजाणं आरामात होतं, तरी इथे ती फारशी खपली नाही. गंमत म्हणजे हीच गाडी 'जी-विझ' नावाने लंडनमध्ये चालली! तिथे 2003 पासून शहराच्या मध्यभागात गाडी नेण्यावर शुल्क लागलं आणि इलेक्ट्रिक गाड्यांना त्यातून सूट होती. गाडी तीच, पण तिथे ती सोयीची ठरली. अर्थात उणीवही मोठी होती. कायद्याने ती 'क्वाड्रिसायकल' असल्याने तिला मोटारींच्या धडक चाचण्या लागू नव्हत्या, आणि 2007 मध्ये ब्रिटनमध्ये तशी चाचणी केली तेव्हा निकाल काळजी वाटावी असाच आला.

होंडा ई चं अगदी उलट. 2020 साली युरोपात आली. गोल दिवे, जुन्या सिव्हिकची आठवण करून देणारा चेहरा, आरशांच्या जागी कॅमेरे. पाहताक्षणी प्रेमात पडावं अशी! पण बॅटरी 35.5 किलोवॅट-तासांची, पल्ला कागदावर 220 किलोमीटरच्या आसपास, आणि किंमत भारी. रेनॉची झोई तेव्हा 390 किलोमीटरच्या आसपास पल्ला सांगत होती. लोकांनी होंडाचं तोंडभरून कौतुक केलं आणि घेतली दुसरीच. 2024 च्या सुरुवातीला तिचं उत्पादन थांबलं.

मला शहाणी वाटली ती बीएमडब्ल्यू आय3. 2013 ते 2022. दिसायला विचित्र, मागची दारं उलटी उघडणारी. पण त्यांनी तो चेहरा जवळपास तसाच ठेवला आणि आतली बॅटरी 22 वरून 33 आणि मग 42 किलोवॅट-तासांवर नेली. सुमारे अडीच लाख गाड्या बनल्या.

हे सगळं वाचून एक गोष्ट लख्ख कळली. मी बाबांच्या गाडीत माझी सोय शोधत होतो. वर्षातून एकदा गावाला जायची डिकी! बाबांचं रोजचं जाणं म्हणजे भाजी मंडई, दवाखाना, मित्राचं घर. पंधरा किलोमीटरसुद्धा नाही. आणि तिथे आखूड गाडी सहज लागेल, शिवाय तिच्याकडे बघून त्यांना बाहेर पडावंसं वाटेल. सोयीच्या हिशोबात हेही धरायला हवं ना?

मात्र मागे कोणी रोज बसणार असेल तर गोष्ट वेगळी. आमच्याकडे तसं कोणी नाही.

असो. शनिवारी चालवून बघायला जातोय. बाबा चालवणार, मी शेजारी बसणार. मेमध्ये गावाला मोठी गाडी भाड्याने करू.