स्पीकरचा आकार आणि स्वरगुण : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

स्पीकर जितका मोठा तितका स्वर खर्जाचा, असा सर्वसाधारण समज आहे. परंतु इतिहास त्यास पूर्णतः दुजोरा देत नाही. अमेरिकेत लिओ फेंडर यांनी १९५२ मध्ये बेस गिटारसाठी १५ इंची एका स्पीकरचा ‘बेसमन’ अ‍ॅम्प्लिफायर काढला. पुढे त्यात, मागून उघड्या पेटीत, १० इंची चार स्पीकर आले आणि गिटारवादकांनीही तो आपलासा केला. १९६९ मध्ये अ‍ॅम्पेग कंपनीने मात्र ‘एसव्हीटी’ या बेस अ‍ॅम्प्लिफायरसाठी बंद पेटीत १० इंचीच आठ स्पीकर बसविले. त्यांचे एकत्रित क्षेत्रफळ १५ इंची एका स्पीकरच्या सुमारे साडेतीन पट भरते. शिवाय बंद पेटीमुळे मागील ध्वनिलहरी पुढील लहरींचा खर्ज क्षीण करीत नाहीत. तात्पर्य, स्वरगुण केवळ व्यासावर नव्हे, तर स्पीकरांची संख्या व पेटीची रचना यांवरही अवलंबून असतो.