कांशाची वाटी आणि कुलाब्याचा किनारा

अंग दुखूं लागलें म्हणजे तेल लावून तें रगडावें, ही गोष्ट मनुष्यास कोणी शिकवावी लागली असेल असें वाटत नाहीं. परंतु नुसत्या हातावर न थांबतां एखादें साधन घेऊन त्याच्या घर्षणानें वेदना शमवावी व झोंप आणावी, ही कल्पना मात्र इतिहासाचा विषय होऊं शकते; कारण साधन घडवावें लागतें, त्याचा माल कोठून तरी आणावा लागतो, आणि तो पुरविणारीं माणसें असावीं लागतात. महाराष्ट्रांत असें घरोघरचें साधन म्हणजे कांशाची वाटी होय. पूर्वींचा कुलाबा जिल्हा, ज्यास १९८१ पासून रायगड हें नांव मिळालें, त्याच्या किनाऱ्याच्या अनुषंगानें तिचा थोडा विचार येथें करावयाचा आहे.

तळव्यास तूप अथवा खोबरेल चोपडून वाटीचें बूड टाचेपासून चवड्यापर्यंत गोल गोल फिरवितात. डोळ्यांची आग, पायांची भगभग, निद्रानाश यांवर हा उपाय ठरलेला. कांहीं वेळानें तळवा काळवंडतो, आणि ‘अंगांतली उष्णता निघाली’ असें वडील मंडळी समाधानानें सांगतात. हें स्पष्टीकरण मान्य करतां येत नाहीं. निरोगी मनुष्याचा तळवाहि तसाच काळा होतो. तो काळेपणा शरीरांतून निघालेला नसून घासल्या जाणाऱ्या धातूचा अंश स्नेहांत मिसळल्याचा आहे. पण म्हणून वाटीनें मिळणारें सुख खोटें ठरत नाहीं. एकसारख्या दाबानें व लयबद्ध घर्षणानें शिणलेल्या पायास आराम वाटतो, हा अनुभव सार्वत्रिक आहे.

ग्रंथाधार पाहूं गेल्यास चरकसंहितेच्या सूत्रस्थानांत पांचव्या अध्यायीं पादाभ्यंगाचे गुण सांगितले आहेत. पायांचा खरखरीतपणा, ताठरपणा, थकवा व बधिरता त्यानें जाते आणि दृष्टि निर्मळ होते, असा त्याचा आशय आहे. वाटीचें नांव तेथें नाहीं. सुश्रुतानें चिकित्सास्थानाच्या चोविसाव्या अध्यायांत अभ्यंग, उद्वर्तन, उद्घर्षण व संवाहन यांचा निरनिराळा विचार केला असून, उद्घर्षणासाठीं विटेचाहि उल्लेख केला आहे. म्हणजे हातावांचून दुसऱ्या कठीण वस्तूनें अंग घासण्याची चाल त्या काळीं शास्त्रमान्य होती. पुढें कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यानें शके १०५१ च्या सुमारास रचलेल्या ‘मानसोल्लासां’त राजाचे वीस उपभोग वर्णिले आहेत. त्यांत स्नान व शय्या यांच्या पंक्तीस पादाभ्यंगास स्वतंत्र स्थान आहे. औषध म्हणून नव्हे, सुख म्हणून.

आतां धातूकडे वळूं. चांगल्या कांशांत सुमारें ७८ भाग तांबें व २२ भाग कथील असतें. कथील कोंकणांत निघत नाहीं, तें समुद्रावरून यावयाचें. इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील ‘पेरिप्लस’ या ग्रीक नौकाग्रंथांत भडोचच्या आयातींत तांबें, कथील व शिसें हीं सांगितलीं आहेत, आणि त्याच ग्रंथांत दक्षिणेकडील बंदरांत सेमुल्ल म्हणजे आपलें चौल येतें. अरब प्रवासी चौलास सैमूर म्हणत, हिजरी ३०४ (इ. स. ९१६) च्या सुमारास तेथें आलेल्या मसूदीनें राजाचें नांव झंझ असें दिलें आहे, तो शिलाहार झंझ होय. आपला ‘कल्हई’ हा शब्दहि अरबी ‘कलई’पासून, म्हणजे कथिलाच्याच नांवावरून, आला आहे. यावरून चौलास कांशाच्या वाट्या घडत असें सिद्ध होत नाहीं. माल येण्याचा मार्ग होता, इतकेंच ठरतें. वाटी घडविणाऱ्या कासाराचें नांव मात्र ‘कांस्यकारा’वरून आलें, हें निर्विवाद आहे.

तेलाचा पुरवठा अधिक ठळकपणें दिसतो. अलिबाग, रेवदंडा, पेण, रोहें या भागांतील बेने इस्रायल लोक पिढ्यान्‌पिढ्या घाणा चालवीत. शनिवारीं ते घाणा जुंपीत नसत, म्हणून शेजाऱ्यांनीं त्यांस ‘शनवार तेली’ म्हटलें. अलिबागेजवळ नौगांव येथें गलबत फुटून सात पुरुष व सात स्त्रिया वांचल्या, ही त्यांची परंपरागत कथा आहे. किहीमकर, पेणकर, रोहेकर हीं त्यांचीं आडनांवें गांवांवरूनच पडलीं. १९४८ नंतर त्यांपैकीं बहुसंख्य इस्रायलास गेले. गांवोगांवच्या अंगमर्दनाचें तेल ज्या घाण्यांतून निघे, त्यांचा आवाज असा एका पिढींत थांबला.

याच किनाऱ्यावर मांदाडच्या खाडीजवळ कुडें येथें बौद्ध लेणीं आहेत. तेथील एका ब्राह्मी लेखांत सोमदेव नांवाच्या वैद्यानें लेणें दान दिल्याचें कोरलें आहे. तो इसिरखित नामक वैद्याचा पुत्र. त्याचे नाग, इसिरखित व सिवघोस हे मुलगे आणि इसिपालिता, पुसा, धम्मा व सपा या मुली लेखांत नांवानिशीं येतात. वैद्यकी बापाकडून मुलाकडे चालत आल्याचा इतका जुना पुरावा आपल्या किनाऱ्यास लाभला, ही अभिमानाची गोष्ट आहे. परंतु या लेखावरून येथें अंगमर्दनाची प्राचीन शाळा होती असें म्हणणें म्हणजे शिळेवर नसलेलीं अक्षरें वाचणें होय. अंग रगडणारा न्हावी व बाळंतिणीस न्हाऊं घालणारी सुईण यांनीं लेणीं खोदविलीं नाहींत. त्यांची विद्या हातांत राहिली.

युरोपांत हीच विद्या यंत्राकडे वळली. स्टॉकहोमच्या गुस्ताफ झांडर यानें १८६५ त यंत्रांद्वारें व्यायाम व मर्दन देणारी संस्था काढली. लंडनच्या मॉर्टिमर ग्रॅनव्हिल यानें मज्जातंतूंच्या वेदनेवर कंपन देणारें उपकरण योजून १८८३ त ग्रंथ लिहिला. त्यापूर्वींच पाटण्याचा दीन महंमद ब्रायटन येथें ‘चंपी’ करून नांवारूपास आला होता. हल्लीं आपल्या शहरांतून विजेवर फिरणारी कांशाची थाळी दिसते. पाय तीवर ठेवून बसावयाचें. तळवा तेथेंहि काळा होतो आणि स्पष्टीकरणहि तेंच ऐकूं येतें.

जुन्या वाट्या मात्र मोडींत चालल्या आहेत. ज्या वाचकांच्या घरीं अशी वाटी असेल त्यांनीं तिचें वजन, तोंडाचा व बुडाचा व्यास, तीवर कांहीं अक्षरें असल्यास तीं, आणि ती कोठून आली ही घरांतील आठवण टिपून मंडळाकडे पाठवावी. वाटी पाठविण्याची आवश्यकता नाहीं.