नगरच्या किल्ल्यातला कैदखाना आणि मौलाना आझाद

अहमदनगरचा (आताचे अहिल्यानगर) भुईकोट किल्ला म्हटला की आपल्याला चाँदबीबी आठवते. ते बरोबरच आहे. हुसेन निजामशहाने उभारलेल्या याच दगडी तटावरून तिने १५९५-९६ मध्ये मोगल फौजेला रोखले होते. १८०३ मध्ये किल्ला इंग्रजांनी घेतला आणि पुढे त्याचा कैदखानाही केला.

९ ऑगस्ट १९४२ रोजी, 'चले जाव'च्या ठरावानंतर, मुंबईत पकडलेले काँग्रेस कार्यकारिणीचे नेते रेल्वेने इथे आणले गेले. नेहरू, सरदार पटेल, पंत, कृपलानी, आचार्य नरेंद्र देव, आपले शंकरराव देव, असे एकूण बाराजण इथे कैदेत होते. त्यात तीन मुसलमान होते: असफ अली, डॉ. सय्यद महमूद आणि काँग्रेसचे तेव्हाचे अध्यक्ष मौलाना अबुल कलाम आझाद. शाळेत आम्ही मुलांना हा प्रश्न विचारतो, तेव्हा नेहरूंचे नाव लगेच येते. मौलानांचे क्वचितच.

नेहरूंनी इथे 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' लिहिले. मौलानांनी मित्र हबीबुर्रहमान खान शेरवानी यांना पत्रे लिहिली. ती पाठवता येत नव्हती, तरी लिहीत राहिले. चहाची आवड, खोलीत घरटी करणाऱ्या चिमण्या, अंगणात लावलेली फुलझाडे, सगळे त्यात आहे. १९४६ मध्ये ती 'गुबार-ए-खातिर' म्हणून छापली गेली.

त्यातले एप्रिल १९४३ चे पत्र मात्र वाचवत नाही. कोलकात्यात पत्नी जुलेखा बेगम आजारी होत्या. सरकारला काही सांगायचे असेल तर कळवतो, असे जेलच्या सुपरिटेंडेंटने सुचवले. मौलाना म्हणाले, सरकारकडे आम्हाला काही मागायचे नाही. ९ एप्रिलला इंतकालची तार आली. शेवटची भेट झालीच नाही. काही महिन्यांनी बहीणही गेली.

हे नेते राहिले त्या खोल्या आज स्मारक म्हणून जपल्या आहेत. किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे, म्हणून जाताना ओळखपत्र जवळ ठेवा आणि प्रवेशाची वेळ आधी विचारून घ्या. घरात कुणाला उर्दू येत असेल तर मलिक राम यांनी संपादित केलेली साहित्य अकादमीची 'गुबार-ए-खातिर' सोबत न्या. चिमण्यांची गोष्ट मुलांना तिथेच वाचून दाखवा.