कासवाला प्रोटीन द्यावं का?

आधी कासव कोणतं ते बघा. दुकानातून घरी येणारं, डोळ्यामागे लाल पट्टा असलेलं स्लायडर पाण्यातलं. पिल्लू असताना त्याला मासे, किडे, पेलेट लागतात; मोठं होईल तसा हिरवा पाला वाढवायचा. नुसत्या सुक्या कोळंबीवर ठेवलं तर कॅल्शियम कमी पडून कवच मऊ होऊ शकतं.

जमिनीवरचं स्टार कासव मुख्यतः गवत-पाला खातं. त्याला चिकन, कुत्र्याचं खाणं नकोच; मूत्रपिंडावर ताण येतो. पाठीवरचे उंचवटे प्रोटीनमुळेच येतात, असं सर्रास सांगतात. आफ्रिकेतल्या सुलकाटा कासवांवरच्या 2003 च्या अभ्यासात मात्र कोरडी हवा हे मोठं कारण दिसलं.

आणि हो, स्टार कासव पाळणं 1972 च्या वन्यजीव कायद्यानुसार गुन्हा आहे. तलवाड्यात शेताच्या बांधावर सापडलं, तरी घरी नेऊ नका. वनविभागाला 1926 वर कळवा.