श्रमिकाचे पाणी

भंडारा जिल्ह्यातील वरठी हे गाव रेल्वेच्या प्रवाशांस ‘भंडारा रोड’ या स्थानकाच्या नावाने परिचित आहे. एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकात नागपूर-छत्तीसगड रेल्वेचा मीटरमापी मार्ग नागपूरहून राजनांदगावपर्यंत गेला. १८८७ साली बंगाल-नागपूर रेल्वे कंपनी स्थापन झाल्यावर तोच मार्ग रुंदमापी करण्यात आला. पुढे त्याच शतकाचा वारसा सांगणाऱ्या या रुळांलगत पोलादाचा कारखाना आला. रूळ असोत वा भट्टी असो, वैशाखातील वैदर्भीय उन्हात राबणाऱ्या मनुष्यापुढे प्रश्न एकच : पाणी कोठे आणि केव्हा मिळणार?

पाणी पाजणे हे आपल्याकडे पुण्यकर्म मानिले गेले. कान्हेरीच्या प्राचीन शिलालेखांत दान दिलेल्या पाण्याच्या टाक्यांचा, म्हणजे ‘पोढीं’चा, उल्लेख आहे, चैत्रातील पाणपोई ही त्याच परंपरेतील होय. परंतु पुण्य हे दात्याच्या इच्छेवर अवलंबून असते. रेल्वेच्या स्थानकांवर हिंदूंचे पाणी निराळे आणि मुसलमानांचे निराळे असे. अस्पृश्य मानिलेल्यांस तर सार्वजनिक तळ्यावरील हक्कासाठी २० मार्च १९२७ रोजी महाडास सत्याग्रह करावा लागला. श्रमिकास दया लाभे, हक्क लाभत नसे.

तहान भागली म्हणजे शरीराची गरज भागली, ही समजूतही शास्त्रापुढे टिकली नाही. इंग्लंडातील खोल व उष्ण कोळसाखाणींत पुष्कळ पाणी पिणाऱ्या कामगारांसही तीव्र पेटके येत. घामावाटे मीठही जाते व नुसत्या पाण्याने ते भरून येत नाही, हे १९२३ साली नेव्हिल मॉस यांनी दाखविले. अमेरिकेत १९३१ च्या उन्हाळ्यात हूव्हर धरणाच्या कामावर कित्येक मजूर उष्णतेने दगावले. त्या ऑगस्टातील संपाच्या मागण्यांत चांगल्या पाण्याचीही मागणी होती.

भारतात १९४८ च्या कारखाना कायद्याने ही बाब सविस्तर नमूद केली. पाण्याच्या जागी बहुसंख्य कामगारांस समजणाऱ्या भाषेत तशी अक्षरे असावीत, ती जागा शौचालयापासून दूर असावी, आणि २५० हून अधिक कामगार असल्यास उन्हाळ्यात पाणी थंड करून द्यावे, असे त्यात ठरले. शेतात राबणारा मजूर मात्र या कायद्याच्या कक्षेबाहेरच राहिला.

आजचे आरोग्यशास्त्र सांगते की, उन्हातील श्रमात तहानेची वाट न पाहता दर पंधरा-वीस मिनिटांनी सुमारे पाव लिटर पाणी प्यावे. मात्र तासाला दीड लिटरची मर्यादा ओलांडू नये, कारण रक्तातील मिठाचे प्रमाण घातक रीतीने उतरू शकते. मिठाच्या गोळ्यांची गरज सहसा नसते. वेळेवरचे जेवण, मीठ घातलेले ताक वा आंबील बहुधा पुरेसे होते. नव्या मजुरास पहिल्याच दिवशी पूर्ण कामास न जुंपता क्रमाक्रमाने उन्हाची सवय करून द्यावी.

तथापि माठ भरलेला असून भागत नाही. पाणी पिण्यासाठी हातातील काम थांबविण्याची मोकळीक असावी लागते. उक्त्या कामावर मजुरी बुडेल या भीतीने तहान मारली जाते. ज्या घरी भर उन्हाळ्यात गवंडी वा रंगारी कामास येतो, त्या घरच्या मालकासही हा विचार तितकाच लागू आहे.