‘अवासे’ : पत्त्यांपासून खेळयंत्रांपर्यंत एका जपानी शब्दाचा प्रवास

व्हिडिओ गेमची यंत्रे आणि संग्राह्य पत्ते यांचे आजच्या पिढीवर एवढे गारूड का, या प्रश्नाचे उत्तर बहुधा चित्रांच्या भडकपणात, यंत्राच्या वेगात किंवा बालमनाच्या चंचलतेत शोधले जाते. हे उत्तर अपुरे आहे. ज्या देशात या दोन्ही वस्तूंची भरभराट झाली, त्या जपानच्या भाषेत या आकर्षणाचे वर्म सांगणारा एक शब्द फार जुन्या काळापासून नांदत आहे. तो शब्द म्हणजे ‘अवासे’.

‘अवासेरु’ म्हणजे जुळविणे. हे क्रियापद ‘आउ’ या धातूचे सकर्मक रूप असून ‘आउ’चे अर्थ दोन : एक वस्तू दुसरीशी जुळणे आणि एका माणसाने दुसऱ्यास भेटणे. (मराठी ‘मिळणे’ या क्रियापदाची स्थितीही काहीशी अशीच आहे. नदी समुद्रास मिळते आणि हरवलेली वस्तूही मिळते.) हेइआन काळात दरबारी मंडळी दोन पक्ष करून कवितांच्या स्पर्धा लावीत, तिला ‘उता-अवासे’ म्हणत. शिंपल्यांच्या सौंदर्याची तुलना करण्याचा खेळ तो ‘काई-अवासे’. येथे अर्थ ‘शेजारी ठेवून पारखणे’ एवढाच होता. शिंपल्याच्या दोन दलांची जोडी लावण्याचा खेळ निराळा होता व त्याचे मूळ नावही निराळे, ‘काई-ओओई’ असे होते. परंतु पुढे ‘काई-अवासे’ हेच नाव त्यास चिकटले. शिंपल्याचे एक दल फक्त आपल्याच दुसऱ्या दलाशी बसते, इतर कोणत्याही दलाशी नाही. यामुळे हा चित्रांकित शिंपल्यांचा संच दांपत्यनिष्ठेचे प्रतीक ठरून सरदारघराण्यांतील वधूबरोबर पाठविला जाई. तुलनेचा शब्द अशा रीतीने जुळणीचा झाला.

पत्ते मात्र बाहेरून आले. १५४३ मध्ये पोर्तुगीज जपानला पोहोचले. १५४९ मध्ये फ्रान्सिस झेवियर गोव्याहून निघून कागोशिमा येथे उतरला. ज्या पोर्तुगीज शब्दापासून मराठीत ‘पाव’ आला, त्याच शब्दापासून जपानीत ‘पान्’ आला. त्याच संपर्कातून ‘कार्ता’चा ‘कारुता’ झाला. पोर्तुगीज जोडात चार रंगांचे प्रत्येकी बारा, असे अठ्ठेचाळीस पत्ते असत. तोकुगावा राजवटीत जुगाराविरुद्ध वारंवार हुकूम निघत राहिले. अशा वातावरणात रूढ झालेल्या ‘हानाफुदा’ या पुष्पांकित पत्त्यांची संख्याही अठ्ठेचाळीसच. फक्त गणित उलटे झाले. बारा महिन्यांची बारा फुलझाडे आणि प्रत्येकाचे चार पत्ते. आकडा पत्त्यावरून नाहीसा झाला, त्याच्या जागी ऋतू आला. या पत्त्यांचा खेळ ‘हाना-अवासे’ म्हणून ओळखला जाई, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे.

१८८९ मध्ये क्योतो येथे फुसाजिरो यामाउची यांनी हेच हानाफुदा तयार करण्याचा व्यवसाय सुरू केला. तोच पुढे ‘निन्टेंडो’ म्हणून जगास ज्ञात झाला. १९५३ मध्ये प्लास्टिकचे पत्ते, १९८३ मध्ये दूरचित्रवाणी संचाला जोडावयाचे ‘फॅमिली कॉम्प्युटर’ आणि १९८९ मध्ये हातात मावणारा ‘गेम बॉय’ हे त्यातील ठळक टप्पे होत. तंत्रदृष्ट्या गेम बॉय काही अपूर्व नव्हता. त्याचा पडदा रंगहीन होता. परंतु दोन यंत्रे एका तारेने जोडण्याची सोय त्यात होती आणि प्रारंभी ती मुख्यतः परस्परांशी स्पर्धा करण्यास उपयोगी पडे.

२७ फेब्रुवारी १९९६ रोजी प्रसिद्ध झालेल्या ‘पोकेमॉन’ या खेळाने त्या तारेचा अर्थच पालटला. त्याचे कर्ते सातोशी ताजिरी यांना बालपणी कीटक जमविण्याचा छंद होता. खेळाच्या ‘तांबडी’ व ‘हिरवी’ अशा दोन आवृत्त्या निघाल्या. काही प्राणी एकीत सापडत नसत, काही दुसरीत. शिवाय काही प्राण्यांचे रूपांतर त्यांची अदलाबदल झाल्यावाचून पूर्ण होतच नसे. म्हणजे कितीही कौशल्य असले तरी एकट्याने संग्रह पुरा करणे अशक्य. दुसरा मुलगा, त्याचे यंत्र आणि त्याची संमती या तिन्हींची गरज लागे. ‘आउ’चे दोन्ही अर्थ, जुळणे आणि भेटणे, त्या तारेत पुन्हा एकत्र आले. त्याच वर्षी ऑक्टोबरात पोकेमॉनचे पत्तेही विक्रीस आले. रिचर्ड गारफील्ड या गणितज्ञाने १९९३ मध्ये अमेरिकेत ‘मॅजिक’ या खेळाने बंद पाकिटातील पत्त्यांचा जो प्रकार रूढ केला, त्याचाच हा अवतार होता.

पाकीट बंद असते, येथेच प्रश्न उपस्थित होतो. एखाद्या संचात दहा पत्ते आहेत, प्रत्येक निघण्याचा संभव सारखा आहे आणि दर खेपेस एकच पत्ता मिळतो, असे धरू. पहिले पाच निरनिराळे पत्ते मिळण्यास सरासरी साडेसहा खरेदी पुरतात; उरलेल्या पाचांसाठी आणखी सुमारे तेवीस कराव्या लागतात आणि त्यांतील दहा एकट्या शेवटच्या पत्त्यापायी खर्च होतात. अर्धा संच चटकन हाती आल्यामुळे उरलेला अर्धाही तितकाच जवळ आहे, असा भ्रम होतो. मित्रांत अदलाबदल चालू असेल तर दुबार पत्ता वाया जात नाही, तो चलन बनतो आणि हा खर्च बराच उतरतो. एकट्या ग्राहकास तो सर्व सोसावा लागतो.

जपानी कायद्याने हा भेद ओळखला होता. अवाजवी बक्षिसांना आळा घालणाऱ्या १९६२ च्या कायद्याखाली १९७७ मध्ये निघालेल्या अधिसूचनेने, भिन्न चिठ्ठ्यांचा किंवा चित्रांचा ठराविक संच जुळविणाऱ्यास बक्षीस देण्याची पद्धत सर्वस्वी निषिद्ध ठरविली. या पद्धतीस व्यवहारात ‘काआदो-अवासे’, म्हणजे पत्त्यांची जुळणी, असे म्हणतात. दरबारातील शिंपल्यांचा शब्द असा निषेधाच्या कक्षेत येऊन बसला.

भ्रमणध्वनीवरील खेळांमुळे हा निषेध पुन्हा चर्चेत आला. पैसे टाकून मूठ फिरविली की चेंडूसारखी डबी बाहेर टाकणारी यंत्रे जपानात १९६५ पासून आहेत. मूठ फिरण्याचा आवाज ‘गाचा’ आणि डबी पडण्याचा ‘पोन्’, यावरून त्यांस ‘गाचापोन्’ हे अनुकरणवाचक नाव पडले. फोनवरील सोडतीने त्यातील ‘गाचा’ तेवढा उचलला. सोडतीत निघालेल्या ठराविक वस्तूंचा संच पुरा करणाऱ्यास दुर्मिळ वस्तू देण्याची ‘कोम्पु गाचा’ ही पद्धत ‘काआदो-अवासे’च होय, असा निर्वाळा ग्राहक व्यवहार संस्थेने मे २०१२ मध्ये दिला. साध्या सोडतीला मात्र त्याने बाध आला नाही.

३० ऑक्टोबर २०२४ रोजी पोकेमॉनच्या पत्त्यांची फोनवरील आवृत्ती निघाली. तीत पाकीट फोडण्याची क्रिया बोटाने पडद्यावर रेघ ओढून हुबेहूब साधली होती. अदलाबदलीची सोय मात्र नव्हती. ती जानेवारी २०२५ मध्ये आली, तीही अनेक अटींसह, आणि त्या अटींविरुद्ध खेळाडूंनी एवढी ओरड केली की त्या पुढे सैल कराव्या लागल्या.